ऑफिसात डबा उघडल्यावर तुम्ही प्रार्थना करता का?

मेथीची_जुडी | सोमवार, रात्री ९.४०

सगळ्यांना सलाम.

प्रश्न लहान आहे, पण आठ दिवस झाले, डोक्यातून जात नाही.

आम्ही मराठी ख्रिस्ती. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, सासर रास्ता पेठेतलं, आता राहतो पिंपळे गुरवला. घरी ताटं वाढून झाली की कुणीतरी एक जण प्रार्थना करतो आणि मग जेवण. बहुतेक वेळा ते काम आमच्या सात वर्षांच्या मुलाकडे असतं. त्याची प्रार्थना ठरलेली आहे. अन्नाबद्दल आभार, ज्यांना नाही त्यांनाही दे, आणि आजीचा गुडघा बरा कर, आमेन. आजीचा गुडघा दोन वर्षं त्या प्रार्थनेत आहे.

मी हिंजवडीला नोकरी करते. दुपारी आम्ही सहा जणी एकत्र डबे उघडतो आणि मी तिथे प्रार्थना करत नाही. नवीन होते तेव्हा संकोच वाटला म्हणून टाळलं, मग तीच सवय झाली. चार वर्षं झाली. मनातल्या मनातही करत नाही. झाकण उघडलं की कुणाची भाजी कुणाकडे सरकते, गप्पा सुरू होतात, आणि लक्षात येतं तोवर अर्धी पोळी संपलेली असते.

मागच्या सोमवारी झोपताना मुलाने विचारलं, "आई, ऑफिसात जेवताना तू डोळे मिटतेस का?" मी म्हणाले, "हो तर."

मैत्रिणी चांगल्या आहेत, कुणी काही म्हणणार नाही हे मला माहीत आहे. मग आड येतं तरी काय? तुम्ही काय करता? सगळ्यांदेखत करता, मनात करता, की माझ्यासारखंच राहून जातं?

घोरपडीकर | सोमवार, रात्री १०.१५

सलाम ताई. मी करतो, सगळ्यांदेखत. बावीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढली. भोंगा झाला की हात धुवायचे, डबा उघडायचा, डोळे मिटायचे. पहिला आठवडा पोरं बघत होती. नंतर कुणी माझ्याआधी बोलायला लागलं तर तीच त्याला गप्प करायची, "थांब, दादांचं होऊ दे."

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ काढून वाचा. येशूचा प्रेषित पौल कैदी आहे, रोमला नेत आहेत. चौदा दिवस वादळ, जहाजावर २७६ माणसं, कुणाच्या पोटात अन्न नाही. त्यातले बहुतेक शिपाई, खलाशी, कैदी. त्याच्या विश्वासातले मोजकेच. तो भाकर हातात घेतो, सगळ्यांसमोर देवाचे आभार मानतो, मोडतो आणि खायला लागतो. ते बघून बाकीच्यांना धीर येतो आणि तेही खातात. त्याने डोळे मिटून कुणाला बाटवलं नाही. उपाशी माणसांना जेवायचं बळ दिलं.

ताई, लाज सोडा.

तर्कशील | सोमवार, रात्री १०.५२

मी कुठल्याच देवाला मानत नाही, तरी लिहितो, कारण प्रश्न प्रामाणिक वाटला.

घोरपडीकर, याच येशूने सांगितलंय ना की लोकांनी बघावं म्हणून चव्हाट्यावर उभं राहून प्रार्थना करू नका, खोलीत जा, दार लावा? मत्तय, सहावा अध्याय. कॉलेजात असताना तुमच्याच एका मित्राने मला वाचायला दिला होता आणि तो भाग मला मनापासून पटला होता. ऑफिसची जागा सगळ्यांची आहे. श्रद्धा घरी ठेवली तर काय बिघडतं?

वसईवाली | सोमवार, रात्री ११.०५

तर्कशील, घरी ठेवायला ती काय छत्री आहे का हो? :)

माझा अनुभव सांगते. लग्नानंतर पुण्यात आले. आम्ही कॅथलिक, त्यामुळे राखेच्या बुधवारी सकाळी मिस्सा आणि कपाळावर राखेचा क्रूस. क्वार्टर गेटच्या सिटी चर्चमधून तशीच ऑफिसला गेले. लिफ्टमध्ये माझी मैत्रीण म्हणाली, "अगं, कपाळाला काय काळं लागलंय!" आणि मी तोंड उघडायच्या आत पाण्याच्या बाटलीत रुमाल भिजवून तिने ते स्वच्छ पुसून टाकलं. अगदी आईने पुसावं तसं.

मला राग आला नाही. पण सांगितलंही नाही. पुढच्या वर्षी मात्र आदल्या दिवशीच तिला सांगून ठेवलं की उद्या माझ्या कपाळाला राख असेल, माणूस माती आहे याची ती आठवण असते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझे बाबा गेले तेव्हा राख हातात घेतली होती, तेव्हा हेच वाटलं होतं." तोवर तिचे वडील गेल्याचंही मला माहीत नव्हतं. दीड वर्षं शेजारी बसत होतो.

शनिवारपेठी | मंगळवार, सकाळी ७.३०

मेथीची जुडी, हे फक्त तुमचं आहे असं समजू नका. आमच्या आजोबांनी चित्राहुती घातल्याशिवाय कधी घास घेतला नाही. आम्ही भावंडं "वदनी कवळ" म्हणत वाढलो, शाळेतही डबा खायच्या आधी सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा. आज मी कॅन्टीनमध्ये एका हातात फोन धरून जेवतो. मला कुणी अडवलेलं नाही. आपोआप सुटलं. तुमच्या मुलाने तुम्हाला विचारलं तरी. आमच्याकडे विचारणारंही कुणी नाही.

भवानीपेठ | मंगळवार, सकाळी ८.१०

आमच्यात जेवणाआधी बिस्मिल्लाह. आणि सुरुवातीला विसरलं तर मध्येच आठवल्यावर म्हणायचे शब्द वेगळे आहेत, त्यात "सुरुवातीला आणि शेवटीही" असं येतं. माझी अम्मी म्हणायची, देवाला माहीत आहे भूक लागल्यावर माणूस विसरतो. तुमची अर्धी पोळी संपलेली असली तरी उशीर झालेला नाही ताई.

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ८.४५

आत्ताच ड्यूटीवरून आले, झोपायच्या आधी लिहिते.

पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात अठरा वर्षं नर्स आहे. आमच्या घरात आजीपासून हीच नोकरी. आम्हाला जेवायला दहा मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. त्यामुळे माझी प्रार्थना झाकण उघडायला लागतो तेवढीच. "प्रभू, आभार." डोळे मिटत नाही, कारण डोळा समोरच्या बेडवर असतो.

एकदा भोरकडचे एक आजोबा होते, ऑपरेशन होऊन तिसरी रात्र. पहाटे तीनला मी डबा उघडला, आभार मानले, पहिला घास हातात. तेवढ्यात ते म्हणाले, "सिस्टर, पाच मिनिटं टेका ना इथं." पाणी नको, गोळी नको, दुखतही नव्हतं. फक्त टेका. आत्ताच आभार मानले होते, त्यामुळे घास तोंडात जाईना. डबा बंद केला आणि बसले. ते त्यांच्या बैलांबद्दल बोलत होते. एकाला विकावं लागलं होतं, त्याचं नाव घेताना आवाज बसत होता. पाचाची वीस मिनिटं झाली. भात साडेपाचला खाल्ला, गार.

आता दुसरी गोष्ट, कारण पहिलीच सांगून थांबले तर ते खरं होणार नाही. दुसऱ्या एका रात्री एका बाईने असंच बोलावलं. "येते हं," म्हणाले आणि गेले नाही. कामं होती, खरंच होती. सकाळी बघते तर बेड रिकामा, तिला अतिदक्षता विभागात हलवलेलं. ती वाचली, घरीही गेली. पण त्या दिवशीही मी झाकण उघडताना आभार मानले होतेच.

म्हणून मला घोरपडीकर दादांचंही पटतं आणि तर्कशील यांचंही. माझा प्रश्न वेगळाच आहे. आमेन म्हटल्यावर पुढच्या दहा मिनिटांत काय करतो?

नगरचा_पाव्हणा | मंगळवार, दुपारी १.२०

सिस्टर, सलाम तुम्हाला.

मी सेंटरिंगच्या कामावर होतो. आमचा ठेकेदार आपल्यातलाच, दर रविवारी उपासनेला पुढच्या बाकावर. दुपारी जेवणाआधी सगळ्या मजुरांना उभं करायचा आणि प्रार्थना करायचा. लांबलचक. डब्यावर माशा बसायच्या. मजूर मराठवाड्याकडचे, विदर्भाकडचे, कुणी ख्रिस्ती नाही. ते बिचारे टोप्या काढून उभे राहायचे, कारण तीन आठवड्यांची मजुरी त्याच्याकडे अडकली होती.

याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात लिहिलंय, तुम्ही अडवून ठेवलेली कापणी करणाऱ्यांची मजुरी ओरडते आहे, आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे. मी त्याला एकट्याला गाठून हे दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून मला कामावर बोलावलं नाही.

तवापासून कुणी मोठ्याने प्रार्थना करायला लागलं की माझ्या पोटात गोळा येतो. घोरपडीकर भाऊ, तुम्ही तसे नसणार, पण माझं असं झालंय. आता माझ्या हाताखाली नऊ माणसं आहेत. शनिवारी पाचच्या आत हिशोब चुकता करतो. प्रार्थना त्यानंतर, घरी.

घोरपडीकर | मंगळवार, दुपारी २.०५

पाव्हणे, वाचून हात थांबला. मला राग त्याचा आलाच, पण तुमच्यावर ही पाळी आपल्यातल्या माणसाने आणली याचं जास्त वाईट वाटलं. "लाज सोडा" असं मी ताईंना फटकन लिहून गेलो, तेही आता टोचतंय. मी करतो ते सोडणार नाही. पण ताई, ते शब्द मागे घेतो.

औंधरोड | मंगळवार, दुपारी ३.३०

आम्ही ॲडव्हेंटिस्ट पंथाचे ख्रिस्ती, शब्बाथ म्हणजे विश्रांतीचा दिवस शनिवारी पाळतो, शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून. जेवणाआधीची प्रार्थना कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, पण शनिवारी काम करत नाही म्हटलं की येतं. पहिल्या नोकरीत मुलाखतीतच सांगितलं आणि नोकरी गेली. दुसऱ्या ठिकाणी साहेब म्हणाले, "रविवारी ये, मला रविवारी माणूस मिळत नाही." आठ वर्षं झाली तिथे. सांगून टाकल्याने मला तरी सोपं गेलं.

क्वार्टरगेट | मंगळवार, संध्याकाळी ६.१५

थोडं विषयांतर. ऑफिसात सत्यनारायण असतो, शिऱ्याचा प्रसाद येतो. तुम्ही घेता का? आमच्या घरात दोन मतं आहेत. वडील घेत नाहीत. मी घेतो. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलंय की अन्नामुळे आपण देवाजवळ जात नाही की दूर होत नाही, पण तुझ्या खाण्याने दुसऱ्या भावाचं मन डळमळत असेल तर जपून. वडील त्यातला दुसरा भाग धरतात, मी पहिला.

वसईवाली | मंगळवार, संध्याकाळी ६.४०

मी घेते. आणि नाताळात माझ्या डब्यातल्या करंज्या, चकल्या, शंकरपाळ्यांवर सगळं ऑफिस तुटून पडतं. पुण्यातल्या मैत्रिणींना पहिल्यांदा वाटलं होतं की नाताळ म्हणजे नुसता केक!

शनिवारपेठी | मंगळवार, संध्याकाळी ७.००

क्वार्टरगेट, एक विनंती करतो, रागावू नका. प्रसाद नको असेल तर हात जोडून "नको" म्हणा, आम्हाला काही वाटत नाही. पण हातात घेऊन नंतर द्रोण कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. मी एकदा तसा बघितला. त्याने "नको" म्हटलं असतं तर आमची मैत्री टिकली असती.

क्वार्टरगेट | मंगळवार, संध्याकाळी ७.२०

पटलं. वडिलांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मी कायम हात जोडूनच नको म्हणतो, सांग त्यांना."

जुनी_वही | मंगळवार, रात्री ९.३०

मी निवृत्त शिक्षक, वय एकोणऐंशी. मोबाइलवर लिहायला वेळ लागतो.

पुण्यात खाण्यापिण्यावरून धर्माचा केवढा गहजब झाला होता ते तरुणांना ठाऊक नसेल. १८९० साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या नामवंतांना बोलावणं गेलं. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक हेही गेले. चहा-बिस्किटं पुढे आली. कुणी घेतली, कुणी नुसती हातात धरली. पण नंतर डॉ. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावंच छापून आणली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्तं घ्यावी लागली. एक कप चहा! त्याच मिशनच्या आवारातल्या देवळात, पवित्र नाम देवालयात, माझा बाप्तिस्मा झाला. आणि आज तुम्ही सहा जणी एकमेकींच्या डब्यातलं खाता. हे आपोआप झालेलं नाही.

त्याच १८९० साली पंडिता रमाबाईंनी शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा मुंबईहून पुण्यात आणलं. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं आणि दुष्काळातल्या शेकडो मुली तिथे जेवल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून बाईंनी पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं. खेड्यातल्या बाईला वाचून कळावं ही त्यांची तळमळ. १९२२ मध्ये त्या गेल्या, संपूर्ण शास्त्र १९२४ मध्ये बाहेर पडलं. छपाईचे खिळे जुळवायला त्यांच्याच मुली होत्या. माझ्या आजीकडे त्याची एक प्रत होती, पानांना चुलीच्या धुराचा वास.

आता त्या मत्तयाच्या सहाव्या अध्यायाकडे येतो. तर्कशील यांनी बरोबर सांगितलं, खोलीत जा, दार लाव. पण त्याच अध्यायात चार ओळी पुढे प्रभूची प्रार्थना आहे. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे." दार लावून एकटा बसलेला माणूस "माझी" म्हणत नाही, "आमची" म्हणतो. चाळीस वर्षं मुलांना व्याकरण शिकवलं, पण या सर्वनामापाशी मी दर वेळी अडखळतो. आणि शब्द भाकर आहे. आमच्या लहानपणी पोळी सणाला असायची. रोज मिळते ती भाकर, ज्वारीची, थापलेली.

जेवणानंतरही आभार मानता येतात. जुन्या करारातलं अनुवाद नावाचं पुस्तक, आठवा अध्याय, दहावी ओवी: जेवून तृप्त झालास की देवाचा धन्यवाद कर. यहुदी लोक आजही जेवणानंतर लांब प्रार्थना करतात.

पण मुली, तुझा प्रश्न मी तीनदा वाचला. तू चार वर्षं प्रार्थना केली नाहीस, त्याने तुझी झोप उडाली नव्हती. आठ दिवसांपासून उडाली आहे. तू मुलाला "हो तर" म्हणालीस, ते टोचतंय. डोळे मिटायचे की नाही हे मागाहून ठरव. आधी त्याला खरं सांग.

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ९.५०

काका. हेच. मला सकाळी लिहिताना सुचलं नाही.

तर्कशील | मंगळवार, रात्री १०.३०

"आमची" याकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. मी पहिल्या दिवशी "घरी ठेवा" म्हणालो ते जरा घाईने झालं. पाव्हण्यांच्या ठेकेदाराला मात्र खोलीत कोंडून दार लावलं पाहिजे, आणि चावी मजुरांकडे.

नगरचा_पाव्हणा | मंगळवार, रात्री १०.४०

चावी चालंल, पण आधी तीन आठवड्यांचा हिशोब :)

मेथीची_जुडी | शुक्रवार, रात्री १०.१०

उशिरा लिहिते आहे, माफ करा. बुधवारी आणि गुरुवारी हिंमत झाली नाही.

जुनी वही काका, तुम्ही बरोबर बोट ठेवलंत. मंगळवारी रात्री ते वाचून स्वयंपाकघरात जाऊन रडले. आज संध्याकाळी मुलाला शेजारी बसवलं आणि सांगितलं, "मी तुला खोटं बोलले. मी ऑफिसात प्रार्थना करत नाही. का करत नाही तेही मला नीट माहीत नाही."

मला वाटलं तो चिडेल, नाहीतर आजीला सांगेल. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "मी पण नाही करत शाळेत. डबा उघडला की पोरं बघतात." आणि मग, "मला वाटलं तू करतेस, म्हणून मी तुला सांगितलं नव्हतं."

त्याने तो प्रश्न का विचारला होता ते तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. किती दिवस एकटाच हे घेऊन फिरत होता, कुणास ठाऊक.

आम्ही काही नियम केला नाही. भवानीपेठ यांच्या अम्मींचं त्याला सांगितलं, की मध्येच आठवलं तरी चालतं. ते त्याला फार आवडलं. जहाजावरच्या २७६ माणसांची गोष्ट सांगितली, तर त्याने सतरा प्रश्न विचारले, सगळे जहाजाबद्दल. झोपायच्या आधीच्या प्रार्थनेत त्याने आजीच्या गुडघ्यानंतर "आणि आईचं ऑफिस" असं जोडलं.

सोमवारी मी मैत्रिणींना सांगणार आहे. वसईवाली, तुमच्यासारखं आधी सांगून, म्हणजे कुणी रुमाल काढायला नको. डोळे मिटेन की रात्रपाळी ताईंसारखं झाकण उघडताना दोन शब्द म्हणेन, ते तिथे बसल्यावर बघते. डब्यात भाकर आणि मेथी नेते. सहा जणींना पुरेल एवढी.

वसईवाली | शुक्रवार, रात्री १०.२५

मेथीत लसूण ठेचून घाला, चिरून नको. आणि सोमवारी रात्री इथे लिहा, मी वाट बघते.